मामाने बसवलेला रॅक

मी एक जुना रॅक आहे, मित्रांनो. भिंतीला बसवलेला, दुमडून ठेवता येणारा, खांद्यावर वजन घेऊन बैठका मारणाऱ्यांचा रॅक. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार मायाळू होतात, हे तुम्ही वाचलं असेल. फाटकी छत्री सगळ्यांना क्षमा करते, मोडकी खुर्ची आशीर्वाद देते. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी लोखंड आहे आणि मी डूख धरतो. एका माणसावर मी तब्बल दीड वर्ष डूख धरून होतो. त्याने मला वाईट बसवलं आणि वर माझ्याच नावाने खडे फोडले. दोष माझा नव्हता, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करावं, एवढीच माझी मागणी होती. नाहीतर तो एकदा तरी माझ्याखाली सापडावा.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तो माणूस बोलायला कंजूष, पण कामाला चोख. जोड थंड झाला की त्यावर हातोडी मारून तो आवाज ऐकायचा. आवाज बद्द आला की जोड कापून पुन्हा करायचा. माझा डावा खांब त्याने दोनदा कापला. शेवटी मी तयार झालो. दोन उभे खांब, त्यांना जाड बिजागऱ्या, वजनांचा बार ठेवायला दोन आकडे, आणि उघडल्यावर खांब जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या दोन खिट्ट्या. काम झालं की खिट्टी उचलायची, खांब दारासारखे भिंतीकडे वळवायचे, मग मी वीतभर जागेत मावतो. निघताना वेल्डरने एका पिशवीत आठ लांब बोल्ट घातले, पिशवी माझ्या खांबाला तारेने बांधली आणि मला न्यायला आलेल्या मुलीला म्हणाला, "याचं सगळं वजन या आठांवर. विटेत खोल गेले पाहिजेत. हवं तर मी येऊन बसवून देतो."

त्या मुलीला घरात चिमणी म्हणत. वय अठरा, आणि स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वजन खांद्यावर घेऊन सरळ उठणारी. ज्याने हे नाव ठेवलं त्याला बिचाऱ्याला काय कल्पना! चार महिन्यांनी वजन उचलणाऱ्यांच्या संघाची निवड चाचणी होती. गावातल्या व्यायामशाळेत संध्याकाळी तिला रॅक मिळता मिळत नसे, म्हणून तिने घरची मागची खोली मागून घेतली. तिथे तिची आई शिवणकाम करायची. आईने एका शब्दाने कुरकुर न करता आपलं शिवणयंत्र पुढच्या खोलीत हलवलं.

मला बसवायला वेल्डर तयार होता. पण आई म्हणाली, "घरात दादा असताना बाहेरचा माणूस कशाला? त्याला वाईट वाटेल."

हा दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, चिमणीचा मामा. शेजारच्याच घरात राहायचा. सारी नोकरी त्याने लाकडाच्या वखारीत केलेली. चिमणीचे वडील गेल्यापासून या घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक खुंटी मामाने ठोकली होती. घरावर वाईट दिवस आले तेव्हा तो भक्कमपणे पाठीशी उभा राहिला, हे मीही नाकारत नाही. त्यामुळे त्याच्या शब्दापुढे कुणी शब्द काढत नसे. कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं असे, "त्यात काय एवढं!"

रविवारी सकाळी तो ड्रिल मशीन घेऊन आला. वेल्डरने माझ्याबरोबर लिहून दिलेला माहितीचा कागद त्याने वाचला नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. भिंतीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला, कारण जुना गिलावा विटांपासून सुटून फुगलेला होता. "दणकट आहे," मामा म्हणाला. त्याचं मशीन लाकडाला भोकं पाडायचं. ते गिलाव्यात सुरसुर शिरलं, पांढरी भुकटी पडली, मग पुढे वीट लागली आणि मशीन नुसतंच किंचाळत राहिलं. विटेची लाल भुकटी चिमूटभरसुद्धा पडली नाही. मित्रांनो, भुकटीचा रंग ओळखायला पदवी लागत नाही, खाली पाहावं लागतं.

"आत लोखंड लागलं," मामाने जाहीर केलं. मग त्याने खिशातल्या डबीतून आपले दोन इंची स्क्रू काढले, प्लास्टिकचे प्लग गिलाव्यात ठोकले आणि त्यात ते स्क्रू पिळून मला भिंतीवर चढवलं. आठही लांब बोल्ट पिशवीत तसेच राहिले.

"मामा, हे उरले," चिमणी म्हणाली.

"जास्तीचे देतातच गं," असं म्हणून त्याने पिशवी खिशात टाकली. आठवड्याभराने तो सांगत आला की ते बोल्ट वाया गेले नाहीत, त्याच्या ओसरीच्या तुळईला त्याने त्यांच्यावर झोपाळा टांगला आहे. माझे आठ बोल्ट! आणि त्यांच्यावर हा उंटावरचा शहाणा पाय हलवत बसणार!

मी पहिल्याच संध्याकाळी हललो. चिमणीने बार ठेवला आणि डावा खांब भिंतीपासून केसभर सुटला. तिने पाहिलं. दारात उभ्या असलेल्या आईने पाहिलं. मामानेही पाहिलं. पण सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. शेवटी मामाच बोलला, "मालच हलका आहे. असल्या शेडमध्ये बनवलेल्या वस्तूंचं असंच असतं." नाचता येईना अंगण वाकडे! माझा डावा खांब दोनदा कापून जोडलेला, आणि मी हलका? त्या क्षणी मी डूख धरला. ठरवलं, हा माणूस एकदा माझ्याखाली येऊ दे, मग सगळेच्या सगळे स्क्रू सोडून देतो.

पण मामा माझ्याखाली कशाला येतोय? तो दारातून सूचना द्यायचा आणि झोपाळ्यावर जायचा. माझ्याखाली रोज उभी राहायची ती चिमणी. सूड घ्यायचा एकाचा आणि समोर भलतंच माणूस, अशी माझी पंचाईत झाली. दिवसभर मी मनातल्या मनात मामाला शिव्या घालायचो आणि संध्याकाळी ती आली की त्या आठ टीचभर स्क्रूंना म्हणायचो, बाबांनो, आज धरून ठेवा.

तीन महिने त्यांनी धरलं. चाचणीला चार आठवडे उरले असताना, एका संध्याकाळी सत्तर किलो घेऊन तिने पाचवी बैठक मारली, उठली, आणि बार माझ्या आकड्यांवर टेकवला. गिलाव्याचा मोठा पोपडा सुटला. डावा खांब पुढे झुकला, बार घसरला आणि तिचा डावा हात बार आणि खांबाच्या मध्ये सापडला. दोन बोटं मोडली.

मामा धावत आला. तिला त्यानेच दवाखान्यात नेलं, हेही खरं. पण परत आल्यावर, तिच्या हाताला प्लास्टर असताना, तो आईला काय म्हणाला ऐका. "मी तेव्हाच सांगितलं होतं, माल हलका आहे." चोराच्या उलट्या बोंबा! आणि चिमणी, जिची चाचणी बुडाली होती, ती खाली मान घालून म्हणाली, "नाही मामा, माझाच हात निसटला." मला भिंतीवरून उतरून त्या माणसाच्या उरावर बसावंसं वाटत होतं. चाचणीच्या दिवशी ती माझ्या पायाशी फरशीवर बसून रडली. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

प्लास्टर निघाल्यावर चिमणीने कुणाला न विचारता वेल्डरला बोलावलं. तो आला, मला पाहिलं, माझ्या डाव्या खांबावरून हात फिरवला. मग त्याने वरचा एक स्क्रू दोन बोटांत धरला आणि ओढला. प्लगसकट तो दातासारखा बाहेर आला. दुसराही तसाच. आई पाहत होती, मामा पाहत होता.

"मी दिलेले आठ बोल्ट कुठे आहेत?" वेल्डरने विचारलं.

शेजारच्या ओसरीवरून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता, मामा नुकताच त्यावरून उठून आला होता. आईने हातातलं कापड खाली ठेवलं.

"दादा, झोपाळा काढ," ती म्हणाली.

"अगं, दुसरे बोल्ट आणता येतील ना. त्यात काय..."

"काढ दादा."

त्या घरात मामाला कुणी दोनदा सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मामाने स्वतःच्या हाताने झोपाळा उतरवला, आठ बोल्ट आणले, आणि वेल्डर भोकं पाडत होता तेवढा वेळ मला खांद्याने रेटून धरून उभा राहिला. दीड तास! मी माझं गुंजभरही वजन भिंतीवर ठेवलं नाही, सगळा भार त्याच्या खांद्यावर दिला. मशीन विटेत शिरलं आणि लाल भुकटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडत राहिली. माझा जीव थंड झाला असता, पण घाम पुसताना तो पुटपुटलाच, "भिंतच खराब होती." म्हणजे आधी माल हलका, मग भिंत खराब. माझा डूख जिथल्या तिथे राहिला.

पुढच्या वर्षी चिमणीची संघात निवड झाली. निकाल आला त्या दुपारी पुढच्या खोलीत शेजारीपाजारी जमले होते. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे होतं, तेवढ्यात मामा एकटाच मागच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. मग तो चक्क माझ्याखाली येऊन उभा राहिला, मधोमध, जिथे दीड वर्ष मला तो हवा होता. त्याने माझे दोन्ही खांब धरले आणि जोर लावून गदागदा हलवायला गेला. मी पडायचा जिवापाड प्रयत्न केला, मित्रांनो. पण आठही बोल्ट विटेत रुतलेले, मी तसूभर हललो नाही. त्या दिवशी मी माझ्या बापाला, त्या वेल्डरलाही शिव्या दिल्या.

"चांगला आहेस रे तू," मामा हळूच म्हणाला. "चुकलं माझं."

मला सांगून काय उपयोग? जिची बोटं मोडली ती पलीकडच्या खोलीत होती, मध्ये एक दार होतं आणि ते त्याने स्वतःच लोटलं होतं. एवढं बोलून त्याचं मन हलकं झालं असावं. त्याने खिट्टी उचलली आणि मला दुमडायला लागला. आता याला कोण सांगणार की दुमडताना बोट बिजागरीत ठेवायचं नसतं? मी सांगितलं नाही. अंगठा आत आला तसा मी मिटलो.

मामाची किंकाळी ऐकून चिमणी धावत आली. तिने खांब मागे ओढून त्याचा अंगठा सोडवला. तो आता म्हणेल, बिजागरी खराब आहे, याची मी वाट पाहत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"रॅक चांगला होता," तो म्हणाला. "मी नीट बसवला नाही. तुझी बोटं माझ्यामुळे मोडली."

चिमणी त्याचा अंगठा आपल्या हातात घेऊन नख तपासत होती. "माहीत आहे, मामा."

"कधीपासून?"

"पहिल्या संध्याकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

चिमणी गार पाणी आणायला गेली आणि मामा फरशीवर बसला, डोक्याला हात लावून.

मी दीड वर्ष एका माणसाला शत्रू मानत होतो. त्याला मी आजही माफ केलेलं नाही, आणि त्याचा अंगठा काळा पडला होता याचं मला आजही समाधान आहे. पण त्या दुपारी मला कळलं की मी हलतो हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक होतं, आणि तरी मामाला वाईट वाटू नये म्हणून ती रोज संध्याकाळी माझ्याखाली येऊन उभी राहत होती. मित्रांनो, मोठ्यांचा मान जरूर ठेवा. पण हलणाऱ्या वस्तूखाली उभं राहून ठेवू नका. हलतंय, एवढा एक शब्द वेळेवर बोला. मामाला वाईट वाटलं असतं तर ते चार दिवसांत गेलं असतं. चिमणीचं डाव्या हाताचं एक बोट मात्र अजून सरळ होत नाही.