शिंपडलेला मका

गोदामाचं दार सरकवलं तसा कुबट वास भसकन तिच्या नाकात शिरला. समोर मक्याचा डोंगर. तिनं ओंजळभर उचलला. दाणे हिरवट-काळे, बोटांना बुरशीची भुकटी चिकटली. ढिगाच्या पलीकडे एक कामगार पाठीला पंप लावून तपकिरी पाणी फवारत होता. ते आपल्याच प्रयोगातलं पाणी तिनं लगेच ओळखलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा!"

थोरला भाऊ हसतच आला. हा पिठाचा कारखाना त्याचा. खायच्या अळंबीतलं एन्झाइम मक्यातलं बुरशीचं विष तोडतं, यावर ती प्रयोगशाळेत कित्येक वर्षं राबत होती. मोठ्या प्रमाणावर करून बघायला त्यानं इथली एक खोली दिली, तेव्हा तिला अगदी भरून आलं होतं.

"हा सडका मका कुणी घेतला?"

"मी. मातीमोल मिळाला. तुझं औषध आहे की!"

"औषध? अरे, दाणा भरडून, भिजवून, ऊब देऊन दिवसभर मुरवावा लागतो. तेव्हा कुठे विष कमी होतं. कमी, दादा! सगळं जात नाही. आणि तुटून त्याचं काय होतं, ते अजून तपासायचंय. तू तर देवळात तीर्थ शिंपडावं तसं शिंपडतोयस!"

"हळू बोल, माणसं ऐकतायत."

"ऐकू देत! लोकांची यकृतं सडतील याच्यानं!"

"लगेच कोण मरतंय? पोती उद्या जायचीत. 'अळंबीने शुद्ध' असं छापूनही झालंय."

त्या शेवटच्या वाक्यानं तिचा उरलासुरला तोल गेला. टाक्यांवर खुणा करायच्या निळ्या रंगाचे दोन डबे तिनं आपल्या खोलीतून उचलून आणले आणि मका विकताच येऊ नये म्हणून ढिगावर चढत एक सगळा ओतला. मग दुसरा. भाऊ तिचा दंड धरायला धावला, दाण्यांवरून घसरून गुडघ्यांवर आपटला.

"बहीण आहेस की वैरीण?"

"हे पीठ वहिनीला मळायला देशील? पोरांना वाढशील? बोल ना!"

तो कपड्यांवरचे दाणे झटकत राहिला.

तिथूनच तिनं अन्न तपासणी कार्यालयाला फोन लावला. संध्याकाळी कारखान्याला सील लागलं, आणि तिच्या खोलीलाही. टाक्या, नमुने, चालू चाचणी, सगळं आत. आठवड्यानं वर्तमानपत्रात मथळा आला: 'अळंबीचा उपाय फसला'. तिनं तो कागद चोळामोळा करून भिंतीवर फेकला. फसला उपाय नव्हता, फसवलं माणसानं होतं. पण हे छापणार कोण?

आईनं फोनवर एवढंच विचारलं, "घरातलं घरात मिटवता आलं नसतं?"

"आई, पीठ घरात राहणार होतं का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तिनं प्रयोगशाळेत हात धुतले, अळंबीची नवी पिशवी फोडली आणि दात-ओठ खात पहिल्यापासून कामाला लागली.