दोन टिपके, एक रेघ

चाळीस जबडे टेबलावर मांडले होते आणि चाळीसच्या चाळीस सुंदराच्या नावावर. आता बोला!

जबडा म्हणजे मोटारीच्या ब्रेकचं कॅलिपर. साहेबलोक कॅलिपर म्हणत, पण भरे गावाच्या वरच्या अंगाला जी पत्र्याची शेड होती, तिथल्या सहा बायांच्या तोंडी जबडाच बसला होता. चाकाच्या चकतीला दोन्हीकडून धरतो आणि चाक थांबवतो, मग त्याला दुसरं काय म्हणायचं? सत्त्याऐंशी साल होतं. नव्या छोट्या मोटारींचे ओतीव जबडे पिंपरीच्या एका कंपनीतून तिच्याच या शेडमध्ये रंगायला यायचे. रंग म्हणजे डब्यातला पातळ रंग नव्हे, कोरडी पावडर. ती बंदुकीनं लोखंडावर उडवायची आणि भट्टीत भाजायची, की वितळून घट्ट बसते. पण जबड्याच्या पोटात जो दट्ट्या सरकतो, त्याच्या भोकात तिचा कणसुद्धा जाता कामा नये. गेला की दट्ट्या अडकला, आणि दट्ट्या अडकला की गाडीतल्या माणसाचं काही खरं नाही. म्हणून आधी बाया भोकांना रबरी बुचं लावायच्या आणि बोल्ट बसतो त्या सपाट जागेवर चिकटपट्टी.

त्या पट्टीखाली जिनं तिनं आपली खूण करायची, असा हाफीजभाईंचा नियम होता. हाफीजभाई शेडचे सुपरवायझर, पौडचे. भला माणूस, पण कामात काडीची सूट नाही. बाकीच्या बायांनी कुणी फुली केली, कुणी गोल. सुंदरानं घरून गेरू आणला आणि बापाच्या मेंढरांच्या पाठीवर असायची ती खूण घातली: एक आडवी रेघ, तिच्यावर दोन टिपके. गेरू भट्टीत जळत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं एक जबडा भाजून बघितला होता. दुसऱ्याच्या मेंढराला आपली खूण घालायची नाही आणि आपली खूण दुसऱ्याला घालू द्यायची नाही, एवढं मात्र धनगराच्या पोरीला शिकवावं लागत नाही.

आणि आता कंपनीचा साहेब एकेक जबडा उलटा करून दाखवत होता. भोकात पावडर भाजून दगडासारखी बसलेली. बुचं नीट दाबलीच नव्हती.

"खूण कुणाची ही?"

"माझी हाय, सायेब," सुंदरा म्हणाली. "पर काम माझं न्हाई."

साहेब हसला. "खूण तुझी आणि काम भुताचं?"

सुंदराच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांत तिचा एक नग परत आला नव्हता. म्हणून तर सहा बायांतून एकीला कायम करायचं ठरलं तेव्हा हाफीजभाईंनी तिचं नाव दिलं होतं, आणि आज तिच्या कागदावर सही व्हायची होती. आता साहेब म्हणत होता, हिच्या खालचं नाव कुणाचं आहे ते काढा.

खालचं नाव तानूबाईचं होतं. सुंदराची सख्खी नणंद.

हाफीजभाईंनी साहेबाला कसंबसं थोपवलं. "उद्या सकाळपर्यंत थांबा साहेब. मी चौकशी करतो."

साहेब चहाला वळला तसा सुंदरानं एक जबडा उचलला. तोंड आपल्याकडे करून धरला, रोज धरायची तसा. रेघ होती. टिपकेही होते. पण टिपके रेघेच्या अलीकडे होते, जबड्याच्या तोंडाकडे. तिचे टिपके कायम पलीकडे असायचे, पाठीकडे. तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे तसेच.

ही खूण जिनं चोरली होती, तिनं ती समोरून बघितली होती. बाकासमोर बसून, उलट्या बाजूनं. जसे टिपके तिला आपल्याकडे दिसले, तसेच तिनं आपल्या हातातल्या जबड्यावर आपल्याकडे काढले.

सुंदराच्या समोर आठ महिने एकच बाई बसत होती.

तिनं मान वर केली. तानूबाई खाली मान घालून बुचं लावत होती, अगदी मन लावून. हिला नवऱ्यानं हाकलली तेव्हा दारातून आत कुणी घेतलं? हाफीजभाईंच्या हातापाया पडून कामाला कुणी लावलं? बूच अंगठ्यानं नव्हे, तळव्यानं दाबायचं, हे हाताला धरून कुणी शिकवलं? अगं सटवे, तूच?

पण तिनं जबडा परत टेबलावर ठेवला. घरची अब्रू चार माणसांत कशाला काढायची! म्हटलं, वाटेनं जाताना ती आपणहून सांगेल. रडेल, पाया पडेल, मग बघू.

वाटेनं तानूबाई बोलली, पण काय बोलली! "कुणी केलं आसंल गं वैनी? त्याचं वाट्टुळं हुईल बघ."

सुंदराला वाटलं, हिच्या तोंडात हातातला डबा कोंबावा.

घरी सिद्धू, तिचा नवरा, रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीचं जाळं सांधत बसला होता. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. ऊन अजून अंगणात होतं. सुंदरानं डबा खाली आपटला.

"तुमच्या भनीनं काय केलं, इचारा तिला! माझी खूण घालून चाळीस नग नासवलं. केसानं गळा कापला माझा!"

तानूबाई नाही म्हणाली नाही. तिनं भावाकडे बघितलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, आता तू बोल की. मला एकलीला कशापायी शिव्या?"

सिद्धूनं जाळं बाजूला ठेवलं. "म्याच सांगितलं तिला," तो म्हणाला.

सुंदराला आधी कळलंच नाही. कानांनी ऐकलं, पण डोक्यात शिरेना. याच माणसानं दसऱ्याला तिला आपट्याचं पान देऊन म्हटलं होतं, कायम हो, मला लई बरं वाटंल.

"तुमी?"

"मग काय करू? दोन वर्सं एकलाच जातूया कोकणात. तळावर बाईमाणूस न्हाई. रातंदीस मेंढरामागं हिंडून भाकरी मीच थापायची. माणसं हसत्यात, सिद्धूची बायकू कंपनीत सायबीण झाली म्हनत्यात. एकदा कायम झालीस की तू काय परत येती व्हय? आन् तानीला कुणी न्हाई. तिला नोकरी ऱ्हाऊ दे. तुला मी हाय की."

तो हे अगदी समजुतीनं सांगत होता. जणू मेंढरांची वाटणी करत होता, हे तुला, ते तिला. त्यात आपण काही वाईट केलं असं त्याच्या तोंडावर कुठंसुद्धा दिसत नव्हतं, आणि सुंदराला तेच जास्त लागलं.

"मला इचारायचं हुतं."

"इचारलं आसतं तर सोडली आसतीस?"

"न्हाई."

"मग?" सिद्धू म्हणाला आणि जाळं परत मांडीवर घेतलं.

"आन् माझ्या हाताचं नाव गेलं, त्याचं काय? उंद्या समदी म्हनत्याल, सुंदरानं नासकं काम केलं. कुणाचा तरी ब्रेक लागला नसता म्हंजी?"

"त्यांनी तपासलं न्हवं? भायेर गेलं न्हाईत. उगं वाढवू नगंस."

तिनं वाढवलं नाही. चूल पेटवली, भाकरी केल्या, तिघांच्या केल्या. जेवायला मात्र ती बसली नाही. तानूबाईनं दोनदा "वैनी, घास तर खा" म्हटलं. किती ही निर्लज्ज! पण तिच्या आवाजात खरीच काळजी होती, आणि सुंदराला तिचाही अर्थ लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला तेव्हा सुंदरा टेबलाशी उभीच होती. तिनं आपला एक जुना जबडा आणला होता आणि चाळीसांतला एक. दोन्हींची तोंडं आपल्याकडे करून ते शेजारी ठेवले.

"बघा सायेब. माझं टिपकं पाठीकडं, ह्याचं तोंडाकडं. दोन वर्सांतला माझा कुठलाबी नग काढा. आसा एक जरी घावला तर मी आत्ता घरी जाते. ज्यानं केलं त्यानं माझी खूण समोर बसून बघितली हाय."

साहेबानं चष्मा पुसला. हाफीजभाईंनी मांडणीवरच्या सुंदराच्या खणातून दहा-बारा नग काढून आणले, पट्ट्या काढून बघितलं. एकाचेही टिपके तोंडाकडे नव्हते. मग ते बाकाशी गेले, सुंदराच्या जागी बसले आणि समोर बघितलं. समोर तानूबाई होती. तिचा हात बुचावर तसाच राहिला होता.

"हिनं?" हाफीजभाईंनी विचारलं.

काल सुंदरानं घरची अब्रू झाकली होती. आज तिच्याजवळ झाकायला काही उरलं नव्हतं.

"व्हय, हिनं. माझ्या नंदनं."

कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तानूबाईनं डब्याची पिशवी उचलली. दारातून जाताना ती एवढंच म्हणाली, "दादाला काय सांगू आता?"

साहेबानं सही केली. "चांगलं डोकं चालवलंस," म्हणाला आणि गेला. बाकीच्या बायांनी सुंदराच्या पाठीवर हात फिरवला, पेढे कधी म्हणून विचारलं. ती हसली पण. कायम झाली होती बाई! ज्यासाठी दोन वर्षं हातांची सालं काढली, ते झालं होतं.

दुपारी हाफीजभाई कागद भरायला बसले. नाव, गाव, अंगठा. मग त्यांनी लेखणी एका रकान्यावर ठेवली.

"हितं वारसाचं नाव लिवायचं असतं सुंदराबाई. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर फंड कुणाला द्यायचा, त्याचं. सिद्धूचं लिवू का?"

सुंदरानं अंगठ्याची शाई पदराला पुसली. आईबाप तर कधीच गेले होते. लेकरू झालं नव्हतं.

"न्हाईतर नणंद..." हाफीजभाई सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मोकळं सोडा."

"मोकळं चालत न्हाई. कुणाचं तरी नाव लागतं."

सुंदरा रकान्याकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं, पण रिकामी जागा दिसत होती.

"मग तुमीच सांगा हाफीजभाई, कुणाचं लिवायचं," ती म्हणाली. "मला दोघंच हुती."