खांबामागचा बर्फवाला

आमच्या जावईबापूंना एक रोग आहे. बोटीचं चाक हातात आलं की त्यांची मान हलायला लागते. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. खुर्चीतून अर्धवट उठायचं, काचेला नाक लावायचं, परत बसायचं. फेरीबोटीवरच्या खलाशांनी त्यांचं नाव 'लंबक' ठेवलं. खलाशी एरवी मंद, पण नावं ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

मी स्वतः एकतीस वर्षं हीच बोट चालवली. या काठावरून त्या काठावर, दिवसाला चौदा फेऱ्या, आणि एकाही होडीला साधा धक्का नाही. केबिनमधली खुर्ची माझ्या पाठीच्या मापाची झाली होती. बसलो की बसलो. मान हलवणं हे घाबरटांचं काम, असं माझं ठाम मत होतं, आणि माझी मतं मी कधी पोटात ठेवत नाही.

शेवटची काही वर्षं कंपनीनं मला परीक्षक नेमलं. कॅप्टनचा परवाना हवा असलेला उमेदवार माझ्यासमोर बोट चालवणार आणि मी फॉर्म भरणार. जावईबापूंना मी दोनदा घरी पाठवलं. दोन्ही वेळा शेरा एकच : 'उमेदवाराला स्थिर बसता येत नाही.' तिसरी संधी शेवटची. ती हुकली की जन्मभर धक्क्यावर दोर फेकत राहायचं.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मुलीनं चहाचा कप माझ्यापुढे आदळला.

"बाबा, तुम्ही नापास त्याला करता की मला?"

"नियम म्हणजे नियम."

"मान हलवायची नाही, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी पेपर उघडून त्याच्यामागे बसलो.

ऊन स्वच्छ होतं, पाणी शांत. अशा दिवशी आंधळ्यानंही पास व्हावं. पण धक्का सोडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच लंबक सुरू.

"जावईबापू, पाण्यात अंगठी पडली का?"

"नाही बाबा. पुढच्या काचेच्या आणि उजव्या काचेच्या मधे हा खांब आहे ना, त्याच्यामागचं दिसत नाही. म्हणून जरा वाकून बघतो."

"होड्या चालत्या असतात. खांबामागे गेलेली होडी दुसऱ्या क्षणाला बाहेर येते. ती काय तिथे संसार मांडते?"

"इतर होड्या येतात बाहेर. पण जी आपल्यावर येऊन धडकणार असते ती काचेत सरकतच नाही. एकाच जागी राहते आणि नुसती मोठी होत जाते. तीच नेमकी खांबामागे असली तर…"

लग्नात ज्याला मुंडावळ्या नीट बांधता आल्या नव्हत्या, तो मला पाणी शिकवत होता! माझं डोकंच फिरलं.

"उठा," मी म्हणालो. "बसायचं कसं ते बघा."

परीक्षकानं चाक हातात घ्यायचं नसतं. हा नियम मात्र पुस्तकात आहे. मी खुर्चीत बसलो, पाठ टेकली, मान ताठ केली. जावईबापू मागे उभे राहिले. समोर मोकळं पाणी. मी म्हटलं, "काय दिसतंय? काही नाही. मग कशाला नाचायचं?"

"बाबा, खांबामागे होडी!"

"खांबामागे तुमचं कपाळ!"

हे मी म्हणालो. ते म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ बोट सरळ पुढे जात राहिली. मग माझ्या खांद्यावरून दोन हात आले. एकानं इंजिन उलटं टाकलं, दुसऱ्यानं माझ्या बोटांसकट चाक उजवीकडे फिरवलं. बोट थरथरली, मागे प्रवासी एकमेकांवर पडले, आणि खांबाच्या आडून बर्फवाल्याची होडी बाहेर आली.

रोज सकाळी गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या घेऊन पलीकडे जाणारा म्हातारा. वल्ही मारणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, त्यानं आम्हाला पाहिलंच नव्हतं. आम्ही त्याच्या होडीमागून इतक्या जवळून गेलो की त्याच्या शर्टावरचं ठिगळ मला दिसलं. लाटेनं होडी कलंडता कलंडता राहिली. दोन लाद्या पाण्यात गेल्या. म्हातारा राहिला.

त्यानं वर पाहिलं. खुर्चीत मी होतो.

"कॅप्टनसाहेब," तो ओरडला, "तुमचा हात होता म्हणून वाचलो! दुसरा कोणी असता तर मेलो होतो!"

आणि मी काय केलं? मी हात वर केला. सवयीनं केला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सवयीनं नाही. मला ते बरं वाटलं म्हणून केला.

धक्क्याला लागल्यावर मी फॉर्म काढला. 'उत्तीर्ण' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'त्या वेळी चाक परीक्षकाच्या' एवढं लिहून झालं आणि माझं पेन अडलं. पुढचा शब्द लिहिला असता तर एकतीस वर्षं त्या खांबामागे गेली असती.

"राहू द्या, बाबा," जावईबापू हळूच म्हणाले.

एवढीच मुभा मला हवी होती. मी नवा फॉर्म घेतला आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.

संध्याकाळी मुलीनं मला मिठी मारली. "शेवटी तुमचं मन मोठंच हो बाबा," म्हणाली. जावईबापू ताटाकडे बघत जेवत होते. त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मला त्यांना चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

आता बोट ते चालवतात आणि मी कधीमधी पलीकडे जायला केबिनमध्ये त्यांच्या शेजारी उभा राहतो. ते मान हलवत असतात. खलाशी अजून हसतात. वाटेत बर्फवाला भेटतो, वल्ही थांबवतो, चाकावरच्या माणसाकडे बघतही नाही आणि मला सलाम करतो.

मी हात वर करतो.