गॅलॅक्टोजची बाटली

"एकीवरसुद्धा यीस्ट वाढलेलं नाही," म्हणत रुपाली मॅडमनी सातवी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. काचेतल्या गोठलेल्या खाद्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. कालही तेवढेच होते.

चांगुणा मोरीपाशी नळ्या घासत होती. शिरूरच्या त्या कॉलेजात अकरा वर्षं ती रोजंदारीवर लॅब सांभाळत होती. कोरेगाव भीमाहून सकाळच्या एसटीनं यायची, भांडी धुवायची, यीस्टचं खाद्य शिजवून प्लेटांत ओतायची.

दहा दिवसांपूर्वी भारनियमनात डीप फ्रीजर बंद पडला, तो पुन्हा चालू झालाच नाही. मॅडमनी पीएच.डी.साठी तीन वर्षं खपून तयार केलेलं यीस्ट त्यात होतं. जेवढं वाचलं तेवढं सगळं त्यांनी चांगुणाच्या ताज्या प्लेटांवर पसरलं होतं.

त्या यीस्टचं काम मॅडमनी तिला एकदा समजावलं होतं. पेशीत आरएनएचा एक लांब दोरा तयार होतो. तो नेमक्या जागी कापला गेला, तरच त्यातून प्रथिनं बनवणारं यंत्र उभं राहतं. कुठं कापायचं, यासाठी एक इवलासा आरएनए त्या दोऱ्याला चिकटावा लागतो. मॅडमच्या यीस्टमध्ये तो इवलासा आरएनए फक्त गॅलॅक्टोज साखरेवरच तयार व्हायचा. ग्लुकोज दिलं की बंद. मग जुन्या यंत्रांवर पेशी थोडा वेळ तगायच्या, चार-सहा वेळा दुभंगायच्या आणि थांबायच्या.

"माझाच हात वाईट," मॅडम म्हणाल्या. "आता गाईडला काय सांगू?"

चांगुणानं हात पुसले. फळीवरच्या दोन्ही पांढऱ्या बाटल्या घेऊन ती दारात उन्हात गेली. एकेक बाटली तिनं नाकाला लागेल इतकी जवळ धरली. ग्लुकोजची अर्धी झाली होती. गॅलॅक्टोजच्या बाटलीचं सील अजून फोडलेलंच नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. फ्रीजर होताच नाव घ्यायला.

"मॅडम," ती आत येऊन म्हणाली, "मी ग्लुकोज घातलं."

मॅडमनी सील बघितलं. "एवढ्या वर्षांत कधी चुकला नाहीत, चांगुणाबाई!"

"डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. उजव्यानं बी आता धुरकटच."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं आस्तं तर ठेवलं आस्तं व्हय मला?"

मॅडमनी गॅलॅक्टोजचं सील फोडलं, साखर स्वतः मोजली. चांगुणानं खाद्य शिजवलं. मॅडमनी प्रत्येक ठिपका सुईनं उचलून नव्या प्लेटवर टेकवला. त्यानंतर तीन दिवस चांगुणा आल्या आल्या यीस्ट वाढवायच्या उबदार पेटीचं दार उघडून विचारायची, "आलं का वो काई?" मॅडम मान हलवायच्या. चौथ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

दुपारी विभागप्रमुख पोपटराव सर आले. "काय झालं शेवटी?"

"फ्रीजरमुळं गेलं सर," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई सर," चांगुणा पुढं झाली. "माझ्या हातनं गेलं. साखर चुकली. मला दिसत न्हाई."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, पण आता उशीर झाला होता. सर हळू आवाजात म्हणाले, "बाई, इथं ॲसिडं असतात, गॅस असतो. उद्या काही झालं तर? सोमवारपासून येऊ नका."

"व्हय सर."

सर गेल्यावर तिनं सगळ्या प्लेटा गोळा केल्या. यीस्ट मेलेलं असलं तरी वाफेवर शिजवल्याशिवाय मोरीत टाकायचं नाही, असा लॅबचा नियम होता. तिनं कुकर लावला, दाबाचा काटा चढेपर्यंत स्टुलावर बसून राहिली. कुकर निवल्यावर एकेक प्लेट घासली, काठावरून बोट फिरवून टवका तर उडाला नाही ना ते चाचपलं आणि फडक्यावर पालथी घातली.

तिची परतीची साडेपाचची एसटी निघून गेली. मॅडम टेबलावरून उठून मोरीपाशी आल्या. त्यांनी खुंटीवरचं कोरडं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभ्या राहून प्लेटा पुसू लागल्या.