कमलाक्षीच्या मुठीचं मुठेल

सगुणच्या अंगाची साल निघत होती. कुणाला याहून गोड शब्द हवा असेल तर त्यानं शोधावा, सगुणला गरज नव्हती. सकाळी काळा बनियन झटकला की कोंडा उडायचा, उन्हाच्या कवडशातून तरंगत वर जायचा, आणि तो मान वर करून बघत बसायचा. शहात्तर वर्षांचा माणूस थोडाथोडा हवेत निघून चालला होता, आणि ते दिसायला काही वाईट नव्हतं.

वाईट होती खाज. पोटऱ्या, पाठ, कंबर, रक्त येईपर्यंत. त्याहून वाईट होतं घर. इब्रामपूरच्या त्या घरात मुलगा सुदेश, सून सुविधा आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली नात गौरवी. सुविधानं एक दिवस ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला खरूज झालीय. ठरलं म्हणजे झालं. टवके उडालेली थाळी वेगळी, टॉवेल वेगळा, खाट बाहेर सोप्यावर. गौरवीला मुलगी झाली, तेव्हा सुदेशनं बापाकडे न बघता बापाला सांगितलं, की खोलीत येऊ नका, बारशालाही बाहेरच बसलेलं बरं. पणतीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच सगुणला आता हवं होतं. ज्याच्या अंगावरच्या मातीवर हे घर उभं राहिलं, त्याच्याच अंगाची घरात किळस.

माती खरीच होती. तीस वर्षं त्यानं डिचोलीच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवला. घरी यायचा तो डोक्यापासून टाचेपर्यंत लाल. मग न्हाणीत चुलीवरच्या भाणातलं कढत पाणी, कडक साबण, नारळाच्या काथ्याचं सोडण, आणि पाठ घासायला बायको, कमलाक्षी. अंगावरून निथळणारं पाणी पांढरं येईस्तोवर आंघोळ संपायची नाही, हा खाणवाल्यांचा नियम. खाण बंद पडली, कमलाक्षी जाऊन तीन वर्षं झाली, नियम तेवढा राहिला. खाज सुटली तसं त्यानं पाणी आणखी कढत केलं, सोडण आणखी जोरात फिरवलं. नसलेली माती तो रोज खरवडून काढत होता.

बाळ तीन दिवसांचं झालं त्या शुक्रवारी, बाजारच्या गर्दीतून, कुणाला न सांगता, तो बसनं म्हापशाला गेला. कातडीची डॉक्टर तेजस्विनी नातीच्या वयाची. तिनं त्याच्या बोटांच्या बेचक्या भिंग लावून बघितल्या, घरात आणखी कुणाला खाज आहे का विचारलं. कुणालाच नव्हती. मग तिनं हातमोजे न घालता त्याचा हात हातात घेतला. चार महिन्यांत त्याला हात लावणारं ते पहिलं माणूस. खरूज नाही, नायटा नाही, ती म्हणाली. वय झालं की कातडीतलं तेल आटतं, आणि उरलंसुरलं तुम्ही कढत पाण्यानं नि सोडणानं काढलंत. कोमट पाणी, दोन तांबे, साबण काखेत नि जांघेत पुरे. अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच काहीतरी स्निग्ध लावायचं. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर परत यायचं, रक्त तपासू.

त्यानं विचारलं, कोकमाचं मुठेल चालेल का. ती हसली, म्हणाली, उत्तम.

"मग कागदावर लिही, बाय. हे दुसऱ्याला लागत नाही म्हणून. मोठ्या अक्षरांत लिही, आमच्या सुनेला कमी दिसतं."

कागद सुविधानं वाचला, घडी केली, फ्रिजवर ठेवला. थाळी वेगळीच राहिली. कारण भीती खरजेची नव्हतीच. भीती म्हातारपणाची होती, आणि तिच्यावर डॉक्टर काय कागद देणार?

मुठेल मात्र घरात एकच होतं. दर मे महिन्यात कमलाक्षी कोकमाच्या बिया वाळवायची, कुटायची, पाण्यात उकळायची. वर तरंगलेलं तूप थंड होता होता मुठीत दाबून गोळा करायची. शेवटचा गोळा सगुणनं बिस्किटाच्या डब्यात जपला होता. त्यावर तिच्या चार बोटांच्या खाचा होत्या. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या तो त्या खाचांत आपली बोटं घालायचा, आणि डोळा लागायचा. लावायचं म्हणजे तिची बोटं पुसायची.

म्हापशाहून परतला त्या दुपारीही डोळा लागला. न्हाणीतून वाफ आली, वाफेतून धुराचा वास, आणि कमलाक्षी, पदर खोचलेली, कोपरापर्यंत तुपट. खाटेच्या कडेला बसली तशी खाट जराशी झुकलीसुद्धा.

"पुजूक ठेवलंस?" ती म्हणाली. "अंगाक लाव मरे."

तो उठला. कोमट पाणी घेतलं, सोडण परसात भिरकावलं. ओल्या पोटरीवर गोळा फिरवला तेव्हा पहिली खाच करंगळीची गेली. रोज थोडी थोडी ती विरघळत होती आणि त्याच्या अंगात जात होती. आठवड्यात खाज बसली. बनियन झटकला तर कवडसा रिकामा.

बाराव्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळणा सजला, दोन अक्षरी काहीतरी नाव ठेवलं गेलं. सगुण सोप्यावरून उठला आणि सरळ आत गेला. सुदेश वाटेत आला, बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाला. सगुण पाळण्यासमोर गौरवीच्या खाटेवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. गौरवीनं कुणाला न विचारता पोर उचललं आणि त्याच्या मांडीवर दिलं.

त्यानं दुपटं सारलं. पोरीच्या मनगटावर, घोट्यांवर, तळव्यांवर पातळ पापुद्रे सुटले होते. तान्ह्या पोरांचे सुटतातच. सुविधा रोज तिथं कौतुकानं खोबरेल चोळत होती.

सगुणनं वर बघितलं.

"सुविधा, हिलापण खरूज काय गो?"

एक म्हातारी तोंडावर पदर धरून हसली. सुविधा पाळण्याची दोरी उगाचच नीट करत राहिली. जेवणाच्या पंगतीत मात्र तिनं सासऱ्याचं पान सगळ्यांबरोबर मांडलं, आणि टवक्यांची थाळी परत कुणी बघितली नाही. सगुणनं तिचे आभार मानले नाहीत. कशाला मानावेत?

पण ते नंतरचं. तेव्हा तो नुसता बसून होता. पोरीनं त्याची करंगळी मुठीत धरली होती आणि ती झोपली होती. त्याच्या अंगाला कोकमाचा नि धुराचा वास येत होता. बायकांचा गलबला हळूहळू लांब गेला, आणि खाट कुणी शेजारी येऊन बसल्यासारखी जराशी झुकली.