चौसष्ट पत्ते

ओट्यावरच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि खण्णकन फरशीवर पडला. मी श्वास रोखून बसले. पलंगावर आमच्या ठमाबाईंनी कूस बदलली, काहीतरी पुटपुटल्या, पुन्हा गाढ. दुपारचे अडीच वाजले होते. साडेतीन वर्षांच्या मुलीची झोप तासभर टिकली तर टिकली. तेवढाच वेळ माझा.

तेवढ्यात फोन थरथरला. मास्तर. हे आमच्या मेल तपासणाऱ्या टीमचे प्रमुख. कुठलीही गोष्ट फळ्यावर लिहून दिल्यासारखी सांगतात, म्हणून मास्तर. मी बाथरूममध्ये शिरून कुजबुजले, "बोला."

"अगं, त्या लहान मुलांच्या दवाखान्याच्या नावाने खोटे मेल सुटलेत. 'लिंकवर मुलाची सगळी माहिती भरा' म्हणे. आणि आपण त्यांच्यावर 'खरा प्रेषक' म्हणून हिरवा शिक्का मारून पुढे ढकलतोय!"

"किती घरांत गेले?"

"चाळीस. वरून हुकूम आलाय, चार वाजता दवाखान्याचे सगळे मेल बंद."

"सगळे? पोरांच्या तपासण्यांचे रिपोर्टसुद्धा?"

"सगळे."

"म्हणजे रोग रेड्याला आणि इलाज पखालीला."

"म्हणी नकोत, चूक शोध. चारच्या आत."

मेल आला की आमचा प्रोग्राम दोन गोष्टी बघतो. तो कुणाच्या नावाने आलाय, म्हणजे डोमेन. आणि कुठल्या मशीनवरून आलाय, म्हणजे आयपी पत्ता, टिंबांनी जोडलेले चार आकडे. मग डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी काढून बघतो, या पत्त्याला तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा आहे का. हे ताडून बघणाऱ्या छोट्या छोट्या फंक्शनांची एक फाइल आहे. सगळा कारभार तिच्या जिवावर, पण वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मी बघितलं. दवाखान्याने मुभा दिली होती चौसष्ट पत्त्यांना, शेवटचा आकडा शून्य ते त्रेसष्ट. खोटे मेल आले होते एकाहत्तरवरून. पहिले तीन आकडे हुबेहूब तेच. पहिले तीन आकडे म्हणजे इमारतीचा मजला धरला आणि शेवटचा म्हणजे खोली, तर भामटा त्याच मजल्यावरचा शेजारी होता.

आणि आमचं फंक्शन फक्त टिंबांपर्यंत मोजत होतं. पहिले तीन आकडे जुळले, की या, बसा. आजवरच्या गिऱ्हाइकांनी अख्खा मजलाच घेतलेला, त्यामुळे झाकली मूठ राहिली. दवाखान्याने गेल्या महिन्यात चौसष्टच खोल्या घेतल्या आणि आम्ही त्यांच्या नावावर मजल्यावरच्या सगळ्या दोनशे छप्पन्न बहाल केल्या.

फंक्शनच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. माझं. तारीख ठमी तीन महिन्यांची असतानाची. ती अंगावर पीत होती, मी एका हाताने टाइप करत होते. 'टिंबापर्यंत पुरे, बाकी नंतर बघू,' असं मीच स्वतःला सांगितलं होतं.

नंतर म्हणजे आज. बरं झालं, मला निदान ठाऊक तरी होतं की गाठ कुठे आणि कशी मारली आहे.

चारही आकडे उसवून शून्य आणि एकची बत्तीस घरांची एक पट्टी केली. दवाखान्याच्या पट्टीशी पहिली सव्वीस घरं जुळली तरच आत; उरलेल्या सहा घरांत बरोबर चौसष्ट पत्ते मावतात. अकरा ओळी. चालवून बघितलं तर सगळेच बाहेर, दवाखानासुद्धा! सव्वीस घरं मी पट्टीच्या उलट्या टोकाकडून मोजली होती. हसू आलं. टोक बदललं.

"तू काय करतेस?" ठमी उठून मांडीत येऊन बसली. गाल झोपेने गरम, केसांचं घरटं.

"एक खोटारडा माणूस दुसऱ्याचं नाव सांगून घरात शिरतोय. त्याला बाहेर काढतेय."

"मी काढू?"

"काढ. हे बटण दाब."

तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. त्रेसष्ट आत. चौसष्ट बाहेर. एकाहत्तर बाहेर. मजलेवाली जुनी गिऱ्हाइकं सुखरूप आत.

पावणेचारला मी फोन केला. "मास्तर, चूक माझीच, सव्वातीन वर्षांपूर्वीची. दुरुस्त करून पाठवलीय. दवाखाना बंद करायचा नाही."

"माझी म्हणून मोकळी झालीस! वर काय सांगू?"

"जे मी सांगितलं तेच. आणि त्या चाळीस घरांना सावध करणारं पत्र मी आत्ता लिहिते, माझ्या नावाने."

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला. मग मास्तर म्हणाले, "एकाहत्तर हाकलला गेला. आत्ताच पुन्हा आला होता. रिपोर्ट चालू आहेत. ठेव आता, पोरीला खायला दे."

ठमी स्पीकरला कान लावून ऐकत होती. "गेला तो खोटारडा?"

"गेला. दार लावलं आपण."

तिने स्पीकरवरून कान काढला.

"मग आई, आता तो कुणाच्या घरी जाणार?"