ठकूची गाडी

मी एक बाबागाडी बोलतेय. सध्या एका जिन्याखाली उभी आहे. हे घर माझं नाही, हा देशही माझा नाही. पुढचं उजवं चाक मोडलंय, त्याखाली कुणीतरी वीट सरकवली आहे. शेजारी एक छत्री आहे, तीही मोडकीच. आमचं बरं जमतं, पण तिला माझी भाषा कळत नाही, म्हणून तुमच्यापाशी मन मोकळं करते.

मला घरात आणलं ते ठकूसाठी. तिच्या दादाच्या वेळी इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे तो बिचारा कडेवरच वाढला. ठकू झाली, लिफ्ट आली आणि पाठोपाठ मी आले. तीन वर्षं तिनं माझ्यावर राज्य केलं. बिस्किटांचा चुरा माझ्या कानाकोपऱ्यात, दुधाचे डाग पट्ट्यावर. झोप आली की ती तोच पट्टा गालावर घासत बसायची. रोज पुसणाऱ्या आईची त्यामुळे चिडचिड व्हायची, मला मात्र ते डाग मिरवावेसे वाटायचे.

मग बाळ आलं. त्याच दिवशी घरात ठरलं की आता ठकूला ताई म्हणायचं, म्हणजे बाळालाही तशीच सवय लागेल. आजी ताई म्हणू लागली, बाबा ताई म्हणू लागले. सात वर्षांचा दादा तिच्याहून मोठा, पण तोही ताई म्हणू लागला. साडेतीन वर्षांची पोर, एका दिवसात थोरली झाली. बाळाला माझ्यात निजवलं तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. शहाणी गं माझी ताई, असं म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मला ते कौतुक मुळीच आवडलं नाही.

परदेशच्या सहलीची तिकिटं वर्षभर आधी काढलेली होती. तेव्हा बाळाचा कुणाला पत्ताच नव्हता. दोन महिन्यांचं तान्हं घेऊन कुठे निघालात, असं जो तो विचारत होता. आईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तरी ती म्हणाली की जाऊ या, चार भिंती बघून जीव विटलाय. पासपोर्टासाठी बाळाचा डोळे उघडे असलेला फोटो मिळेपर्यंत फोटोग्राफरच्या तोंडाला फेस आला. शेवटी निघालो.

मला विमानाच्या पोटात टाकलं. उतरवताना कुणीतरी मला वरून खाली फेकलं. तेव्हाच माझ्या उजव्या चाकाच्या दांड्याला चीर गेली. बारीकशी होती, कुणाला दिसली नाही. मला मात्र कळलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण एवढंच सांगायला मी तोंड उघडलंय.

ठकूचे बाबा शाळेत खेळाचे सर. दरवर्षी शंभर मुलं सहलीला नेऊन शंभरच परत आणतात, याचा त्यांना अभिमान. त्यांचा नियम एकच, गाडीला हात. रस्ता ओलांडायचा, गाडीला हात. दुकानात शिरायचं, गाडीला हात. दादा डावीकडे, ठकू उजवीकडे. मग ते मोजायचे, 'एक, दोन, अडीच.' अडीच म्हणजे बाळ. आणि हरवलात तर, हे त्यांनी दहादा बजावलं होतं, इकडे तिकडे धावायचं नाही, सरळ गाडीपाशी यायचं.

ते शहर सुंदर असेलही. मी बघितली ती फरशी, पायऱ्या आणि ठकूचे बूट. सकाळी ती टुणटुण चालायची, दुपारनंतर पाय ओढत. तिचा हात हँडलवर जड व्हायला लागला की मला कळायचं, पोर दमली. आईलाही कळत असावं, पण बाळ रडायचं, पाजायला आडोसा शोधावा लागायचा, नकाशा उलटा निघायचा. ठकूनं एकदाच विचारलं, मी थोडं बसू? बाबा म्हणाले, 'तू तर ताई ना आता?' ते प्रेमानंच म्हणाले. ती हो म्हणाली आणि चालू लागली.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या संग्रहालयात गेलो. आत बाबागाडी न्यायची नाही, अशी पाटी. दाराजवळच्या खोलीत सगळ्यांचे कोट, छत्र्या, बॅगा ठेवायची सोय होती. बाळ आईच्या छातीशी झोळीत गेलं आणि मला मागच्या रांगेत उभं केलं. ठकूचा हात अजून माझ्यावरच होता. 'मग मी हात कुठे ठेवू?' तिनं विचारलं. दादाचा धर, असं सांगून बाबा तिकिटं काढायला वळले.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. दादाला दगडात रुतलेला केवढातरी मासा दिसला आणि त्यानं हात सोडला. पंधरा मिनिटांतच ठकू माझ्यापुढे उभी. सामान घेणाऱ्या बाई कुणाला तरी कोट देत होत्या, ती त्यांच्या टेबलाखालून वाकून आत आली. सांगितलं होतं तसंच केलं तिनं, हरवली आणि सरळ गाडीपाशी आली. मी रिकामी होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं, वर चढली, बाळाची दुलई डोक्यावरून ओढली आणि पट्टा गालाला लावला. तीन वर्षांची माझी ओळख, मला गहिवरून आलं.

बाहेर एकच धावपळ उडाली. खोलीतल्या बाईंनी रांगांवरून नजर फिरवली. गाडीत दुलई, दुलईत झोपलेलं कुणाचं तरी बाळ, यात त्यांना नवल वाटलं नाही. मग बाबा आले. शंभर मुलं मोजणारा माणूस, आणि त्याला स्वतःची एक सापडेना. 'ताई! ए ताई!' ते हाका मारत होते. ठकू जागी होती. मला वाटलं, आता ओ देईल. ती दुलईतल्या दुलईत पुटपुटली, 'मी ताई नाहीये. मी गाडीत आहे.'

बाबा पुढे धावले. अर्धा तास गेला. मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

शेवटी आई आली. झोळीत बाळ टाहो फोडत होतं, तिचा स्वतःचा आवाज बसला होता. ती दाराला टेकली आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, 'ठकू... कुठे गं गेलीस, ठकू?'

'ओ,' दुलई बोलली.

आई माझ्यापुढे फरशीवर बसली. दादा रडत होता, बाबा धापा टाकत आले. 'दोन महिन्यांत हिला कुणी ठकू म्हटलं नाही,' आई त्यांना म्हणाली. 'बाळाला गाडी दिली ते ठीक. आपण हिचं नावसुद्धा काढून घेतलं.' बाबांनी ठकूच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली आणि बराच वेळ बांधतच राहिले.

परतताना बाळ झोळीत राहिलं आणि ठकू माझ्यात बसली. पाय खाली लोंबत होते, तरी ऐट काय वर्णावी. मी जिवाच्या करारानं चाक सांभाळत होते. मुक्कामाच्या घराशी आलो. फुटपाथची शेवटची पायरी तेवढी चढायची होती. तिथेच ती चीर दगा देऊन गेली. दांडा कडकन मोडला, मी कलंडले, बाबांनी ठकूला वरच्यावर झेललं.

ती चाकाकडे बघत राहिली. 'मी बसले म्हणून मोडली?'

आई म्हणाली नाही गं, जुनी झालीय. बाबाही नाही म्हणाले. दादानंसुद्धा शपथ घेऊन सांगितलं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आईनं ठकू अशी हाक मारली, तर ती म्हणाली, 'ताई म्हण. मी मोठीच आहे.' त्यानंतर तिनं कडेवरही घ्या म्हटलं नाही.

ते निघाले त्या सकाळी घरमालकीणबाईंनी मला ठेवून घ्यायचं कबूल केलं. सामान दाराबाहेर गेलं. बाबा सवयीनं म्हणाले, गाडीला हात. मग त्यांचं त्यांनाच आठवलं. ठकू निघाली. उजवीकडून, माझ्या हँडलच्या उंचीवर हात धरून, हवेतच.

बाईंची सून पोटुशी आहे, असं कानावर आलंय. चाक बसवलं तर मी अजून चालेन. थोरलं कुणी बरोबर असेल तर त्यालाही घटकाभर बसू द्या, मी पेलीन. माझं एवढंच मागणं आहे.

आणि तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर तिला ठकू म्हणा आणि सांगा की चाक विमानातून उतरवतानाच मोडलं होतं. तू बसलीस म्हणून नाही गं, बाळा. तू बसलीस म्हणूनच तर तेवढं चाललं.